डावा आरसा आणि पासिंगची तारीख

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हा काय इतिहासाचा विषय आहे का? विषय आहे गाडीचा साइड मिरर. त्यातही डावा.

चंद्रपूर-गडचिरोलीत ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांना हा प्रसंग समजावून सांगायला नको. पासिंगची तारीख परवावर आली आहे आणि डावा आरसा गेलाय. समोरून लोडेड ट्रक आला, रस्ता अरुंद, तुम्ही गाडी डांबराच्या खाली उतरवली आणि कडेच्या बांबूच्या बेटाने आरसा ओरबाडून नेला. काळी-पिवळी जीप असेल तर फांदीचीही गरज नाही. बाजाराच्या दिवशी बाजूला लटकलेल्या माणसांच्या कोपरांनीच काम होतं. मग घरात चर्चा सुरू होते. एक म्हणतो, "एवढ्याशा आरशासाठी गाडी परत पाठवतात का बे?" दुसरा म्हणतो, "पाठवतात."

आता हा एवढासा आरसा तपासणीच्या यादीत आला कुठून? आम्ही सॉफ्टवेअरवाले रिलीजच्या आधी एक चेकलिस्ट चालवतो. तिच्यातल्या काही ओळी कुणी आणि का लिहिल्या हे टीममध्ये कुणालाच आठवत नाही. पण खोदत गेलं की प्रत्येक ओळीखाली कधीतरी झालेला गोंधळ सापडतो. आरशाच्या ओळीखाली काय सापडतं ते बघू. त्यासाठी आधी थोडं अमेरिकेत जावं लागेल.

३० मे १९११. इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची रेस, म्हणजे साधारण ८०० किलोमीटर. त्या काळी रेसच्या गाडीत दोन माणसं बसायची, एक ड्रायव्हर आणि एक मेकॅनिक. मेकॅनिकचं एक मोठं काम म्हणजे मागे वळून बघणं आणि कोण जवळ येतंय ते ड्रायव्हरला सांगणं. रे हॅरून नावाचा ड्रायव्हर मात्र एकटाच उतरला. त्याची गाडी होती मार्मन वास्प. बाकीच्यांनी तक्रार केली, की याला मागचं दिसणार नाही, हा सगळ्यांना धोका आहे. हॅरून स्वतः इंजिनिअर. त्याने स्टिअरिंगच्या वर एक आरसा बसवला आणि रेस जिंकली. ही कल्पना आपल्याला शिकागोत एका घोडागाडीवरचा आरसा बघून सुचली, असं तो सांगायचा. पुढे त्याने हेही कबूल केलं, की विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका थरथरत होता की त्यात धड काही दिसतच नव्हतं.

त्याच्याही आधी, १९०९ मध्ये, डोरोथी लेविट या इंग्लिश ड्रायव्हर बाईंनी आपल्या पुस्तकात बायकांना सल्ला दिला होता, की गाडीत हातात धरायचा छोटा आरसा ठेवा, मागून काय येतंय ते बघायला उपयोगी पडतो.

म्हणजे मुळात आरसा ही एका माणसाच्या बदल्यात आलेली वस्तू आहे. आपल्याकडे तो माणूस पुढे कितीतरी वर्षं नोकरीत राहिला. आपण त्याला क्लीनर म्हणतो. बल्लारपूरच्या पेपर मिलला बांबू नेणारे ट्रक असोत, आलापल्लीच्या सागवानाचे असोत की घुग्घुसच्या कोळशाचे, डाव्या दाराला लटकून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडणारा आणि पत्र्यावर थाप मारणारा पोरगा हा त्या ट्रकचा डावा आरसाच होता.

आता कायद्याकडे येऊ. भारतभर लागू झालेला पहिला मोटार कायदा १९१४ चा. मग आला १९३९ चा कायदा, आणि त्यात ट्रक, बस, टॅक्सी अशा धंद्याच्या गाड्यांना फिटनेस सर्टिफिकेट बंधनकारक झालं. आज चालतो तो १९८८ चा कायदा, १ जुलै १९८९ पासून. कागदावर शब्द 'फिटनेस' असला तरी आपण सगळे पासिंगच म्हणतो. धंद्याची गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी दाखवावी लागते. घरच्या गाडीला १५ वर्षं कुणी विचारत नाही, त्यानंतर दर पाच वर्षांनी नंबर लागतो. लाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, टायर, ब्रेक आणि आरसा, हे सगळं बघितलं जातं.

निदान बघितलं जायला हवं. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मुद्दा साधा होता, की राज्यात गाड्या नीट न तपासताच सर्टिफिकेट दिली जातात. त्या खटल्यातूनच ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक हवाच, असा आदेश आला आणि आरटीओंना जागा शोधत फिरावं लागलं. २०२१ मध्ये केंद्राने मशीनवर तपासणी करणाऱ्या स्टेशनांचे नियम काढले. थोडक्यात, "चालतंय ना, मग द्या शिक्का" ही सवय मोडायला शंभर वर्षं पुरली नाहीत.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण असते, अंतराची. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. म्हणून आज चंद्रपूरची गाडी एमएच ३४ आणि गडचिरोलीची एमएच ३३. पण सिरोंच्याहून गडचिरोली गाठायची तर आजही दोनशे किलोमीटरच्या आसपास जावं लागतं, आणि तो रस्ता कसा आहे हे तिकडच्यांना विचारा. तालुक्याला कॅम्प लागतो तेव्हा काम होतं, नाहीतर एक आरसा म्हणजे दिवसाची मजुरी आणि डिझेल. २०१६ च्या डिसेंबरमध्ये नियम आला, की फिटनेस संपल्यावर दिवसाला ५० रुपये जादा. तेव्हा जीपवाल्या भाऊंची चिडचिड मला पूर्ण समजते.

तरीही मी आरशाच्या बाजूने आहे, आणि डाव्या आरशाच्या तर जास्तच.

आपण डावीकडून चालतो, म्हणजे गाडीच्या डावीकडे रस्त्याची कड असते. त्या कडेने कोण जातं? शाळेतून सायकलवर परतणारी पोरं, मोहफुलांची टोपली घेतलेली बाई, बैलगाडी, सीटी हंड्रेडवर तिघं. हे सगळे ज्या आरशात दिसतात तोच आरसा फांद्यांनी सगळ्यात आधी तुटतो आणि "चालतंय की" म्हणत सगळ्यात शेवटी दुरुस्त होतो. कंपन्यांचंही तेच. २००९ मध्ये टाटा नॅनो आली तेव्हा तिच्या बेस मॉडेलला डावा आरसा नव्हताच, आणि त्या काळच्या बऱ्याच छोट्या गाड्यांच्या स्वस्त मॉडेलचीही तीच गत होती. ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा गरजेचा, डावीकडचा मात्र जादा पैसे देऊन घ्यायची चैन.

गडचिरोलीत रेल्वे म्हटलं की वडसा. बाकी बहुतेक माल रस्त्यानेच जातो. सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक २०२१ नंतर जोरात सुरू झाली आणि आलापल्ली-आष्टीकडच्या रस्त्यावर ट्रकची रांग लागली. अपघात झाले, लोक रस्त्यावर उतरले. उंच ट्रकच्या केबिनमधून डावीकडे, चाकाजवळ, कुणी आहे का हे बघायला आरशाशिवाय दुसरं काही नाही. आणि बऱ्याच ट्रकांवर आता क्लीनरही नसतो.

आता कामाचं बोलू. आरसा गेला म्हणजे नेमकं काय गेलं ते आधी बघा.

फक्त काच फुटली असेल तर पूर्ण सेट घ्यायची गरज नाही. बहुतेक गाड्यांत काच एका प्लास्टिकच्या प्लेटवर चिकटवलेली असते आणि ती प्लेट आतल्या खटक्यांवर बसते. तुमच्या मॉडेलची प्लेटसकट काच मिळते. जुनी काच काढताना हातमोजे घाला, काचेवर आडवा-उभा टेप लावा आणि हेअर ड्रायरने गरम करा, म्हणजे गोंद सुटतो. नवीन काच घरगुती आरशाच्या दुकानातून कापून आणू नका. डावा आरसा बाहेरून थोडा फुगीर असतो, त्यामुळे जास्त रुंद भाग दिसतो आणि मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब भासते. सपाट काच लावली तर दिसणारा भागच कमी होतो आणि कडेचा सायकलवाला गायब.

कव्हर तडकलं असेल तर एम-सीलने भागतं. पण आरसा मानेतून तुटून वायरवर लोंबत असेल तर फेविक्विक आणि दोरीचा जुगाड खड्ड्यात पहिल्या धक्क्याला सुटतो. मग पूर्ण सेटच बदला. जुन्या स्पेअरच्या दुकानातला चालेल, फक्त डावा-उजवा आणि मॉडेल तपासून घ्या. बऱ्याच गाड्यांत दाराच्या आतली तिकोनी पट्टी काढली की आत दोन-तीन स्क्रू दिसतात. इंडिकेटर आरशातच असेल तर वायरचा प्लग लागला का ते बघा, कारण पासिंगला तोही पेटवून दाखवावा लागतो.

बसवून झालं की नेहमीसारखे ड्रायव्हर सीटवर बसा. घरातल्या कुणालातरी गाडीच्या मागच्या डाव्या चाकापासून दोन पावलं बाजूला उभं करा. तो माणूस मान न वळवता आरशात दिसला पाहिजे. नाही दिसला तर आरसा थोडा बाहेर ढकला आणि पुन्हा बघा. हे काम पासिंगच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी करा. आपल्याकडे स्पेअर नागपूरहून यायला दोन दिवस सहज जातात.

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावच्या रस्त्यावर कुठल्या वळणावर आरसे जातात ते मेसेज करून सांगा. भेटू पुढच्या भागात.