डुको, पद्मिनी आणि न जुळणारा रंग

ज्यांना लोकलच्या गर्दीत हेडफोन लावणं जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या एपिसोडचा लिखित मजकूर. आजचा प्रश्न तसा छोटा आहे. जुन्या गाडीचं एक दार किंवा एक फेंडर रंगवला, की तेवढाच भाग वेगळा का दिसतो? उत्तर शोधताना आपण पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जाणार आहोत आणि वाटेत कुर्ल्यालाही थांबणार आहोत.

सुरुवात एका शब्दापासून. वसई-विरारच्या कुठल्याही डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जा, "डुको मारायचा का?" असं तो विचारेल. फ्रिज असो की कपाट, स्प्रेने मारलेला गुळगुळीत रंग म्हणजे डुको. मुळात हा एक ब्रँड आहे, अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीचा, 1923 सालचा. त्याआधी गाडी रंगवायची पद्धत घोडागाडीचीच होती. तेलाचा रंग, वर व्हार्निश, मग वाळायची वाट. एका गाडीला कित्येक आठवडे लागायचे. फोर्डने 1914 ते 1925 मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, कारण कारखान्याला काळा टिकाऊ रंगच परवडत होता.

डुकोमध्ये होतं नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसावर नायट्रिक अॅसिडची प्रक्रिया करून बनवलेला पदार्थ. याच जातीच्या रसायनापासून युद्धात तोफांची दारू बनायची. युद्ध संपलं, कारखाने रिकामे झाले आणि तेच रसायन थिनरमध्ये विरघळवून गाड्यांवर मारलं जाऊ लागलं. थिनर उडून गेला की रंग वाळला, काम काही तासांत संपलं. 1924 च्या मॉडेलची ओकलंड गाडी निळ्या डुकोत आली आणि रस्त्यांवर रंग दिसू लागले.

आता आपल्याकडे येऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कारखाना कुर्ल्याला. आधी डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी झाली, पुढे इटलीच्या फियाटशी करार. 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट आली आणि 1974 मध्ये त्याच गाडीचं नाव झालं प्रीमियर पद्मिनी. लायसन्स राजचा काळ होता. गाडी बुक करून लोक वर्षानुवर्षं थांबायचे, त्यामुळे मिळेल तो रंग घेऊन देवळासमोर नारळ फोडायचा, एवढंच हातात असायचं. काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली 30 ऑक्टोबर 2023 ला, 20 वर्षांची मुदत संपली म्हणून.

खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. आमच्या वटारमध्येही अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली एखादी दिसते. आमच्या घरची फिकट निळी. दोन वर्षांपूर्वी एका टेम्पोने तिचा डावा फेंडर चेपला. पत्रा ठोकून सरळ झाला, लांबी भरली, प्रायमर मारला, रंग मिळवला. संध्याकाळी गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली रंग अगदी जुळला होता. सकाळी उन्हात गाडी काढली तर फेंडर हिरवट. बाबा काही बोलले नाहीत, फक्त गाडी उजव्या बाजूने दिसेल अशी लावायला लागले.

यात पेंटरचा हात वाईट नव्हता, घोटाळा प्रकाशाचा होता. याला मेटामेरिझम म्हणतात. दोन रंग वेगवेगळ्या पिगमेंटपासून बनले असतील, तर ते एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात. जुन्या गाड्यांमध्ये हे हमखास होतं, कारण जुनी काही पिगमेंट आता फारशी वापरात नाहीत. उदाहरणार्थ, जुन्या पिवळ्या-नारिंगी रंगांत लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असायचं. आता तीच छटा बहुतेकदा दुसऱ्या पिगमेंटने बनते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका. पाणी लावून घासा आणि तोंडाला चांगला मास्क लावा.

दुसरं कारण गाडीचं वय. नव्या गाडीवर कलर कोडची पट्टी असते, पण तो कोड गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचा रंग सांगतो. त्यानंतर ऊन, पाऊस आणि आपल्या किनाऱ्याचं खारं वारं यांनी काय केलं, ते कोडला माहीत नसतं. लाल उडतो, पांढरा पिवळट होतो, वरचा थर खडूसारखा होऊन हाताला लागतो. म्हणून जाणकार पेंटर आधी जुना भाग रबिंग करून उजळवतो, मगच रंग मिळवायला घेतो. मळलेल्या पत्र्याशी जुळवलेला रंग पुढच्या पॉलिशला उघडा पडतो.

आता माझ्या धंद्याच्या जवळचा भाग. रंग जुळवणं हे गणित आहे, असं 1931 मध्ये दोन ठिकाणी सिद्ध झालं. सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने कुठलाही रंग तीन आकड्यांत लिहायची पद्धत ठरवली. त्याच वर्षी कुबेल्का आणि मुंक यांनी समीकरण मांडलं. प्रत्येक पिगमेंट किती प्रकाश शोषतं आणि किती विखुरतं हे मोजा, मग मिश्रणाचा रंग आधीच काढता येतो. 1935 च्या सुमारास प्रकाशाची प्रत्येक तरंगलांबी मोजणारं यंत्र बाजारात आलं. 1958 मध्ये अमेरिकेत कॉमिक नावाचा संगणक आला. नाव गमतीचं, पण काम एकच: कुठलं पिगमेंट किती घालायचं ते सांगणं. तो डिजिटल नव्हता, अॅनालॉग होता. आज रंगाच्या दुकानात जो हातात मावणारा स्कॅनर असतो, तो याच घराण्यातला.

मग स्कॅनरने प्रश्न सुटला का? अर्धाच. स्कॅनर पत्र्याच्या एका ठिपक्याचा रंग वाचतो, तोही त्याच्या स्वतःच्या दिव्यात. फॉर्म्युला निघतो, पण पुढे गन पेंटरच्या हातात असते. मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. हात ओला चालला तर कण खाली बसतात आणि रंग गडद दिसतो, कोरडा चालला तर उजळ. पद्मिनीसारख्या साध्या रंगात ही भानगड नाही, पण तिथे ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळे दिसतात. म्हणून आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून पूर्ण वाळू द्यायचा, मग तो तुकडा गाडीला टेकवून सकाळचं ऊन, सावली आणि ट्यूबलाइट अशा तिन्ही ठिकाणी बघायचा.

आमच्या भागातल्या एका वयस्कर पेंटरकाकांना मी नंतर हा फेंडर दाखवला. त्यांनी पेट्रोलच्या झाकणाचं दार सोडवून आणलं, उन्हात स्टुलावर ठेवलं आणि थेंबाथेंबाने रंग मिळवला. मी विचारलं, "काका, कुठला निळा घालताय?" ते म्हणाले, "निळा नाय, थोडा काळा नि कणभर लाल. हिरवा मारायला लालच लागतो." कुबेल्का-मुंकचं नाव त्यांनी कधी ऐकलेलं नाही. रंग त्यांनी फेंडरवरच थांबवला नाही, शेजारच्या दारावर थोडा पातळ करत नेला. एक रंग संपून दुसरा कुठे सुरू होतो, ते डोळ्याला कळूच द्यायचं नाही. याला ब्लेंडिंग म्हणतात.

एक गोष्ट त्यांनी आधीच तपासली, तीही लक्षात ठेवा. थिनरमध्ये बुडवलेला बोळा त्यांनी एका कोपऱ्यात घासला. रंग विरघळून बोळ्यावर आला, म्हणजे डुको. जुना सिंथेटिक असता तर तो सुरकुतला असता आणि वरून मारलेला जोरदार थिनरचा रंग त्याला उचलून आला असता. आजचे टू-के रंग हार्डनरने घट्ट होतात, थिनर लावून पुन्हा विरघळत नाहीत. ते टिकतात छान, पण त्या हार्डनरमधली आयसोसायनेट फुफ्फुसाला फार वाईट. रुमाल बांधून ते मारणाऱ्या पोरांना बघितलं की मला भीती वाटते.

शेवटचा मुद्दा थोडा सरकारी. जुलै 2021 पासून 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांना देशात व्हिंटेज नोंदणी मिळते. 1974 ची पद्मिनी आता त्या वयात आली आहे. अशा वेळी "सगळीच गाडी नव्या चकचकीत रंगात करून टाक" हा सल्ला मिळेल. करण्याआधी डिकीचा गालिचा उचला, दाराचं रबर थोडं सरकवा, डॅशबोर्डच्या मागे टॉर्च मारा. कुर्ल्यात मारलेला थर तिथे बहुतेक अजून सापडेल. त्याचा फोटो काढा आणि स्कॅन करून आकडे लिहून ठेवा. फक्त एक जपा: जुना सिंथेटिक पांढरा अंधारातही पिवळा पडतो, त्याच्यावर डोळे झाकून विश्वास नको.

आमच्या गाडीत डिकीखालचा निळा आणि छपरावरचा निळा आता दोन वेगळे रंग आहेत. फेंडर कुठल्याशी जुळवायचा, हे काकांनी बाबांनाच विचारलं. बाबांनी छपराकडे बोट दाखवलं. त्यांच्या आठवणीतली गाडी तीच होती, उन्हात उभी राहून फिकी झालेली.

तुमच्या घरी अशी गाडी किंवा स्कूटर असेल, तर तिच्या रबराखालच्या रंगाचा फोटो पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातले काही दाखवू. तोवर ऐकत राहा, आणि मास्क लावा!