आफ्रिकेतील मुलग्यांची नावे : अर्थ आणि श्रद्धा

संत लूकच्या शुभवर्तमानात जखऱ्याच्या घरी पुत्र जन्मास आला, तेव्हा शेजारी व नातलग त्याला पित्याचेच नाव देऊ पाहत होते. वाचा गेलेल्या जखऱ्याने पाटी मागवली व तिच्यावर 'योहान' हे नाव लिहिले. नाव म्हणजे केवळ हाक मारण्याची सोय नव्हे. त्यात देवाची योजना व आईबापांची श्रद्धा सामावलेली असते, हे या प्रसंगातून दिसते. हीच धारणा आफ्रिकेतील अनेक लोकसमूहांत, मिशनरी तेथे पोहोचण्यापूर्वीपासून रुजलेली होती. प्रस्तुत लेखात आम्ही तेथील मुलग्यांची काही प्रचलित नावे अर्थासह देत आहोत. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत या नावांना स्थान कसे मिळाले, याचाही थोडक्यात परामर्श घेत आहोत.

आफ्रिका हा एक देश नसून ५४ देशांचा खंड आहे व तेथे सुमारे दोन हजार भाषा बोलल्या जातात. त्यामुळे सरसकट 'आफ्रिकी नाव' असे काही नसते; नाव इग्बो, योरुबा, अकान, शोना किंवा झुलू असते.

देवाचे स्मरण करणारी नावे

नायजेरियातील इग्बो भाषेत 'ची' व 'चुक्वू' या शब्दांनी देवाचा निर्देश होतो. योरुबा भाषेत 'ओलुवा' म्हणजे प्रभू, तर रवांडा व बुरुंडी येथे 'इमाना' म्हणजे देव.

चुक्वूएमेका (इग्बो) – देवाने थोर कार्य केले आहे. घरगुती रूप एमेका
चिनेदू (इग्बो) – देव मार्ग दाखवतो
इकेचुक्वू (इग्बो) – देवाचे सामर्थ्य
ओलुवासेउन (योरुबा) – प्रभूचे आभार; घरगुती रूप सेउन
ओलुवासेगुन (योरुबा) – प्रभूने विजय मिळवला; घरगुती रूप सेगुन
हबिमाना (रवांडा, बुरुंडी) – देव आहे
हकिझिमाना (रवांडा, बुरुंडी) – तारणारा देवच आहे
तिनाशे (शोना, झिम्बाब्वे) – देव आमच्यासोबत आहे
तेंदाई (शोना) – आभार माना
फराई (शोना) – आनंद करा
सिफो (झुलू, दक्षिण आफ्रिका) – दान, देणगी
थेंबा (झुलू) – आशा, भरवसा
थाबो (सोथो) – आनंद

वरील यादीतील 'तिनाशे' आणि बायबलमधील 'इम्मानुएल' यांचा अर्थ एकच आहे, ही गोष्ट वाचकांच्या ध्यानी येईलच.

वार आणि जन्मक्रम

घाना देशातील अकान लोकांत जन्मवाराचे नाव बाळाला आपोआपच लाभते. मुलग्यांसाठी ती नावे अशी : रविवार – क्वासी, सोमवार – क्वाजो, मंगळवार – क्वाबेना, बुधवार – क्वाकू, गुरुवार – याव, शुक्रवार – कोफी, शनिवार – क्वामे. संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८ रोजी, शुक्रवारी झाला होता. कार्डिनल पीटर कोडवो टर्कसन यांच्या नावातील 'कोडवो' हे सोमवारच्या नावाचे फान्टी बोलीतील रूप होय.

योरुबा लोकांत जुळ्यांपैकी प्रथम जन्मलेल्यास 'ताइवो' (जगाची चव पाहण्यास आलेला) व नंतर येणाऱ्यास 'केहिंदे' (मागून आलेला) म्हणतात. ही दोन्ही नावे मुलगे व मुली या दोघांनाही देतात. आजोबांच्या निधनानंतर घरी मुलगा जन्मला, तर त्याचे नाव 'बाबातुंदे' म्हणजे 'पिता परत आला' असे ठेवण्याची रीत आहे.

दुःखातून आलेली नावे

सर्वच नावे आनंदाची नसतात. ज्या घरात मुले एकापाठोपाठ दगावली, त्या घरात योरुबा आईबाप नवजात बाळाला 'दुरोजाइये' (थांब, जीवनाचा आनंद घे) असे नाव देत. इग्बो भाषेतील 'ओन्वुबिको' म्हणजे 'मरणा, तुला विनवतो'. मूल जगावे म्हणून आपल्याकडे धोंडू, दगडू अशी नावे ठेवली जात. त्यामागील वेदनाही हीच होती.

नायजेरियाचे धन्यवादित सिप्रियन मायकल इवेने तान्सी (१९०३–१९६४) यांचे 'इवेने' हे 'इवेग्बुने' या नावाचे संक्षिप्त रूप आहे. द्वेषाने आमचा घात न होवो, असा त्याचा आशय. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ मार्च १९९८ रोजी ओनित्शा येथे त्यांना धन्यवादित घोषित केले.

इथिओपियाची प्राचीन परंपरा

इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून आहे. तेथील ख्रिस्ती नावे युरोपातून आलेली नाहीत. ती तेथील प्राचीन गीझ भाषेतच घडली. 'गेब्रे मिकाएल' म्हणजे मिखाएलचा सेवक, 'वोल्दे मारियम' म्हणजे मरियेचा पुत्र, 'तेक्ले हायमानोत' म्हणजे श्रद्धेचे रोप आणि 'हाइले सेलासी' म्हणजे पवित्र त्रैक्याचे सामर्थ्य.

नोंदवहीतील नाव

इतर अनेक भागांत मात्र बाप्तिस्मा म्हणजे युरोपीय नाव, असे समीकरण रूढ झाले. १९१७ च्या कॅनन लॉमधील कलम ७६१ अन्वये बाळास ख्रिस्ती नाव मिळेल याची दक्षता धर्मगुरूंनी घ्यावयाची होती. आईबाप दुसऱ्याच नावावर ठाम असतील, तर त्यास एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवावयाची होती. म्हणजे मूळ नाव पुसून टाकावे, असे कायदा सांगत नव्हता. व्यवहारात मात्र ते मागे पडत गेले. मिशन शाळांतही हेच घडे. नेल्सन मंडेला यांचे मूळ नाव रोलिहलाहला. 'नेल्सन' हे नाव शाळेच्या पहिल्या दिवशी शिक्षिकेने दिले. अँग्लिकन कुटुंबात वाढलेले कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी पुढे 'अल्बर्ट' हे नाव सोडले आणि 'चिनुआलुमोगू' (देव माझ्या वतीने लढो) या आपल्या मूळ नावाचे संक्षिप्त रूप वापरले.

याउलट टोक १९७२ साली झैरमध्ये, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात, दिसले. राष्ट्राध्यक्ष मोबुटू यांनी ख्रिस्ती नावांवरच बंदी आणली आणि युरोपीय नावाने बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूंना तुरुंगवासाची धमकी दिली. किन्शासाचे कार्डिनल जोसेफ मालुला यांनी विरोध केला. परिणामी त्यांना काही महिने रोममध्ये राहावे लागले. विशेष म्हणजे मालुला हे स्वतः आफ्रिकी वळणाच्या उपासनेचे खंदे पुरस्कर्ते होते. त्यांचा विरोध आफ्रिकी नावांना नव्हता, तर शासनाच्या सक्तीला होता.

१९८३ च्या कॅनन लॉने हा प्रश्न सोपा केला. कलम ८५५ नुसार आईबाप, धर्ममातापिता व धर्मगुरू यांनी एवढीच काळजी घ्यावी की नाव ख्रिस्ती भावनेशी विसंगत नसावे. संताचेच नाव हवे, अशी अट त्यात नाही.

रक्ताने पावन झालेली नावे

युगांडाचे उदाहरण आम्हांस सर्वांत बोलके वाटते. ३ जून १८८६ रोजी नामुगोंगो येथे चार्ल्स लुवांगा यांचे सोबती जिवंत जाळले गेले. स्वतः लुवांगा यांनाही त्याच दिवशी तशाच रीतीने मरण आले. त्यांच्यातील सर्वांत लहान किझिटो सुमारे चौदा वर्षांचा होता. पोप पॉल सहावे यांनी १८ ऑक्टोबर १९६४ रोजी युगांडाच्या २२ कॅथलिक रक्तसाक्ष्यांना संतपद बहाल केले. लुवांगा, मुकासा, मुलुंबा, काग्वा, किझिटो ही नावे तोपर्यंत कोणत्याही संतमालिकेत नव्हती. आज पूर्व आफ्रिकेत व त्याबाहेरही आईबाप बाप्तिस्म्याच्या वेळी 'किझिटो' हे नाव संताचे नाव म्हणून निवडतात. नावाने या मुलास पवित्र केले नाही. त्याच्या साक्षीने नाव पवित्र झाले.

दक्षिण आफ्रिकेतील धन्यवादित बेनेडिक्ट डास्वा यांना जन्मतः 'चिमांगाद्झो' म्हणजे 'आश्चर्य' हे वेंडा नाव मिळाले होते. 'बेनेडिक्ट' हे त्यांनी १९६३ साली बाप्तिस्म्याच्या वेळी स्वेच्छेने घेतले. चेटकिणीचा शोध घेणाऱ्या मांत्रिकासाठी वर्गणी देण्यास नकार दिल्यामुळे १९९० साली त्यांची हत्या झाली. २०१५ साली ते धन्यवादित घोषित झाले. दोन्ही नावे त्यांना शोभून दिसतात.

कलम ८५५ आपल्या धर्मग्रामांनाही लागू आहे. बाळाचे नाव पोर्तुगीज असो, बायबलमधील असो वा मराठी असो, आईबापांनी त्याचा अर्थ जाणून घ्यावा, ते प्रार्थनापूर्वक ठेवावे आणि मूल जाणते झाल्यावर तो अर्थ त्याला सांगावा, अशी आमची नम्र विनंती आहे.