वाढविलेल्या इंजिनाचा संसार



बुऱ्हाणपूरच्या राजपुरा वस्तीत संध्याकाळी मुलांच्या वह्या तपाशीत बसणे हे वाटते तितके शांत काम नाही. दिवसभर गावातील यंत्रमागांची खटखट कानांत साठलेली असते. आणि तिच्यावर ताण करणारा एक आवाज अलीकडे आमच्या गल्लीतून दिवसातून चार वेळा जातो. तो माझ्याच एका माजी विद्यार्थ्याच्या मोटारसायकलीचा. त्याने तिचा मूळचा सायलेन्सर काढून दुसराच बसविला आहे. त्यामुळे गाडीचा वेग वाढला नाही, पण वाढल्यासारखे ऐकू मात्र येते. एके दिवशी मी त्याला थांबविले. रागावण्याच्या तयारीत होतो, पण तोच मला म्हणाला, "सर, आता इंजिनच वाढवून घेणार आहे. इंदूरचा एक मिस्त्री करून देतो म्हणतो. घेऊ ना?"

मी शाळेत इतिहास शिकवितो, वेळप्रसंगी विज्ञानाचाही तास घेतो. यंत्रांचा जाणकार मात्र नव्हे. परंतु त्याने इंदूरचे नाव घेतले आणि मला एक जुनी मोटार आठवली. तीही इंदूरचीच आणि तिचेही इंजिन वाढविलेले. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या मोटारीच्या कहाणीत सापडले. तेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

ही मोटार इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर, दुसरे, यांची. त्यांचा जन्म १९०८ सालचा. वडील तुकोजीराव तिसरे यांनी १९२६ साली गादी सोडली तेव्हा यशवंतराव सतरा वर्षांचे होते; राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांच्या हाती १९३० साली आले. शिक्षण इंग्लंडात झालेले, आवड अत्यंत आधुनिक. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून त्यांनी इंदुरात माणिकबाग हा राजवाडा बांधून घेतला. घर असे नव्या धर्तीचे. मग मोटार जुन्या धर्तीची कशी चालावी? १९३० नंतरच्या दशकात त्यांनी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीकडून सर्वांत लांब सांगाड्याची एक गाडी घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून तिच्यावर उघड्या स्पीडस्टरचे शरीर चढविले. चाकांच्या दोन आसांमधील अंतरच सुमारे १३ फूट! या नमुन्याचे नाव होते 'एसजे'. त्यातील 'एस' हे अक्षर सुपरचार्जरचे म्हणून ओळखले जाते. आपल्या कहाणीचा नायक खरोखर तो सुपरचार्जरच आहे.

फ्रेडरिक आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे जर्मनीतून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेले दोन भाऊ. शर्यतींच्या मोटारी बांधण्यात त्यांनी नाव मिळविले. १९२१ साली त्यांच्या गाडीने फ्रान्सची ग्रां प्री जिंकली. इंडियानापोलिसची ५०० मैलांची विख्यात शर्यत १९२४, १९२५ आणि १९२७ अशी तीन वेळा जिंकली. १९२८ च्या अखेरीस त्यांनी 'मॉडेल जे' ही गाडी लोकांपुढे आणली. एका रांगेत आठ सिलिंडर, प्रत्येकाला चार झडपा, जवळजवळ सात लिटरचे इंजिन आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे २६५ अश्वशक्ती. नुसत्या सांगाड्याची किंमत ८,५०० डॉलर. वरचे शरीर गिऱ्हाइकाने निराळे करून घ्यावयाचे. त्याच सुमारास फोर्डची साधी, पुरती मोटार ५०० डॉलरच्या आसपास मिळत असे, हे लक्षात घेतले म्हणजे हे प्रकरण काय होते याची कल्पना येईल.

आता कोणासही वाटेल की, २६५ घोडे म्हणजे पुष्कळ झाले. पण वाढविण्याची हौस 'पुष्कळ' या शब्दापाशी थांबत नाही. १९३२ साली त्याच इंजिनाला सुपरचार्जर जोडण्यात आला आणि शक्ती ३२० पर्यंत गेली असे जाहीर झाले.

सुपरचार्जर म्हणजे काय? लोहाराचा भाता डोळ्यांपुढे आणा. कोळसा तोच, भट्टी तीच; पण भात्याने वारा कोंबला की आग दुप्पट फुलते. इंजिनाचेही असेच आहे. सिलिंडर स्वतःच्या बळावर जितकी हवा ओढून घेईल तितकेच इंधन जाळू शकतो. एका पंख्याने जास्त हवा आत दाबली, तर जास्त इंधन जळेल आणि जास्त शक्ती मिळेल. या इंजिनातील पंखा इंजिनाच्या सुमारे पाचपट वेगाने फिरे. मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर तो दर चौरस इंचास ५ पौंडांच्या आसपास जादा दाब देई, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा एक तृतीयांश.

येथवर सारे सोपे वाटते. परंतु शक्ती कधी एकटी येत नाही. बिऱ्हाड घेऊन येते. जास्त दाबाने दट्ट्यांवरील जोर वाढला, तेव्हा दट्ट्यांचे ॲल्युमिनियमचे दांडे बदलून पोलादी पोकळ दांडे घालावे लागले. झडपा वेळेवर मिटाव्यात म्हणून त्यांच्या स्प्रिंगा अधिक ताठ कराव्या लागल्या. पंख्याला जागा हवी म्हणून धुराच्या नळ्या इंजिनाच्या झाकणातून बाहेर काढून बाजूने खाली न्याव्या लागल्या. दाबलेली हवा तापते आणि तापलेल्या मिश्रणाने इंजिनात ठोके पडू लागतात. म्हणून पेट्रोलही चांगल्या जातीचेच हवे. एका भात्यापायी सारी भट्टी नव्याने रचावी लागली.

आणि एवढे करून हाती काय आले? थोडे गणित करू. २६५ चे ३२० झाले, म्हणजे शक्ती सुमारे २१ टक्के वाढली. पण मोठ्या वेगाला हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. २१ टक्के जादा शक्तीने कमाल वेग वाढतो तो अवघा साडेसहा टक्के. उलट तीच गाडी थांबवावयाची झाली तर ब्रेकांना जी ऊर्जा पचवावी लागते, ती वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे साडेतेरा टक्के. मिळकत साडेसहाची आणि ब्रेकांवरील बोजा तिच्या दुप्पट! वाढविलेल्या इंजिनाचा जमाखर्च हा असा आहे.

हा जमाखर्च कागदावर राहिला असता तर मी आपला वेळ घेतला नसता. परंतु २ जुलै १९३२ रोजी स्वतः फ्रेडरिक ड्यूसेनबर्ग पेनसिल्व्हेनियातील डोंगरी रस्त्याने अशीच सुपरचार्जर लावलेली गाडी चालवीत येत असता अपघात झाला. ते बचावतील असे आरंभी वाटले होते. पण न्यूमोनिया होऊन २६ जुलै रोजी त्यांचा अंत झाला. वय पंचावन्न. ज्याने ती शक्ती घडविली, तिचा प्रत्येक खिळा ज्याला ठाऊक, त्यालाही त्या रस्त्यावर ती आवरली नाही. अनाडी माणसाच्या हातून झालेला अपघात आपण सहज समजू शकतो. जाणत्याच्या हातून झालेला अपघात मात्र शिकवून जातो.

कंपनीला या गाडीची नाजूक प्रकृती ठाऊक नव्हती असे नाही. चालकासमोरच्या फळीवर छोटे दिवे होते. सांगाड्याला वंगण ठरावीक मैलांनी आपोआप मिळे आणि ते मिळत असल्याचे एक दिवा सांगे. तेल बदलण्याची वेळ आली की दुसरा दिवा लागे, बॅटरीत पाणी घालण्यासाठी तिसरा. ब्रेकांचा जोर कमीजास्त करण्यास एक कळ होती: कोरडा रस्ता, पाऊस, हिम आणि बर्फ असे तिचे चार टप्पे. म्हणजे त्या राजेशाही गाडीत बसणारालाही तेलाची, पाण्याची आणि रस्त्याच्या ओलीची विचारपूस करावी लागे. आपल्याकडे घरात हत्ती बांधणाराला माहुतापासून चाऱ्यापर्यंत सगळा विचार करावा लागत असे, त्यातलाच हा प्रकार.

आता ही गाडी माळव्याच्या रस्त्यावर आणून पाहा. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. तेथे हवा मुळातच सहाएक टक्के विरळ, म्हणून साधे इंजिन तितके दुबळे होते. भाता असल्यास ती उणीव भरून निघते. हा त्याचा खरा लाभ. परंतु त्या पंख्याचा एक स्वभाव आहे. त्याचा दाबही फिरण्याच्या वर्गाने वाढतो. ४,००० फेऱ्यांवर ५ पौंड देणारा पंखा २,००० फेऱ्यांवर सव्वा पौंडच देणार. बाजारातून, बैलगाड्यांमधून, वळणावळणाच्या घाटातून गाडी जावयाची ती कमी फेऱ्यांवरच. म्हणजे वाढविलेली शक्ती बहुतेक वेळ झोपलेलीच. जागे राहावयाचे ते तिचे वजन, तिची उष्णता आणि तिचा खर्च. इंदुराहून सिमरोळचा घाट उतरून खंडवा, असीरगडावरून आमच्या बुऱ्हाणपुरास येणारा रस्ता ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

त्या इंजिनाला त्याचे खरे घर मिळाले ते १९३५ साली, अमेरिकेत बॉनेव्हिल येथील मिठाच्या सपाट मैदानात. तेथे एबी जेन्किन्स यांनी ड्यूसेनबर्गची खास गाडी चोवीस तास ताशी १३५ मैलांच्या सरासरीने चालविली. ना वळण, ना वस्ती, ना आडवे येणारे गुरू. शक्तीला साजेसा रस्ता असला म्हणजे ती काय करू शकते, त्याचा तो पुरावा होय. रस्ता नसेल तर काय होते, त्याचा पुरावा तीनच वर्षांपूर्वी मिळून चुकला होता.

या कहाणीत एक गमतीचाही भाग आहे. सुपरचार्जरच्या गाडीच्या बाजूने निघणाऱ्या त्या चकचकीत नळ्या लोकांना इतक्या आवडल्या की, साध्या इंजिनाच्या गाडीवरही काही श्रीमंतांनी तशा नळ्या बसवून घेतल्या. आत भाता नाही, बाहेर मात्र त्याची खूण आहे! हे वाचले तेव्हा राजपुऱ्यातील तो सायलेन्सर मला आठवल्यावाचून राहिला नाही. न्यूयॉर्कचा लक्षाधीश काय आणि यंत्रमागवाल्याचा मुलगा काय, शक्ती परवडली नाही तर तिचा आवाज तरी असावा, ही हौस सर्वत्र सारखीच.

होळकरांच्याच घराण्यात वाढीव इंजिनाचे दुसरेही एक उदाहरण आहे. यशवंतरावांच्या पणजोबांनी, म्हणजे दुसऱ्या तुकोजीरावांनी, १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि त्यातून खंडवा ते इंदूर हा लोहमार्ग झाला. नर्मदेच्या खोऱ्यातून माळव्याच्या पठारावर चढताना काळाकुंड ते पाताळपाणी हा घाट लागतो. चाळीस फुटांमागे एक फूट असा खडा चढ. त्या चढावर गाडीला जादा इंजिन जोडीत. घाट चढला की ते सोडून देत. उतरताना सारा भरवसा ब्रेकांवर. येथेही शक्ती वाढविली होती. पण किती वाढवावी हे घाटाने ठरविले होते, हौसेने नव्हे. पणजोबांच्या जादा इंजिनाने हजारो माणसे आणि कापसाच्या गासड्या वर नेल्या. पणतवाच्या भात्याने एका माणसाची मौज भागविली. महाराजांना दोष देण्यासाठी मी हे बोलत नाही. त्यांच्याच कारकिर्दीत बांधलेल्या यशवंतसागराचे पाणी इंदूर शहर प्याले आहे. शक्ती कशासाठी, हा प्रश्न दोन इंजिने शेजारी ठेवली म्हणजे अधिक स्वच्छ दिसतो, इतकेच.

ड्यूसेनबर्ग कंपनी १९३७ साली संपली. होळकरांचे संस्थान १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले. यशवंतराव १९६१ साली निवर्तले. ती मोटार मात्र आजही जतन केलेली आहे. रसिक तिच्याभोवती फिरून तिचे देखणेपण पाहतात. ती देखणी आहे यात वादच नाही.

तर मी त्या मुलाला काय सांगितले? "इंजिन वाढवू नकोस," असे सांगितले नाही. त्याच्या वयात मलाही ते ऐकू आले नसते. मी त्याला ही सारी कहाणी सांगितली आणि म्हणालो, "बाळ, मिस्त्रीकडे जाशील तेव्हा इंजिनाचा भाव शेवटी विचार. आधी ब्रेकांचा विचार, मग टायरांचा, मग साखळीचा. आणि वाढविलेल्या गाडीला कायदा आणि विमा काय म्हणतो, तेही विचार. ही यादी घेऊन ये. मग आपण दोघे बेरीज करू."

तो गप्प राहिला. मग त्याने विचारले, "सर, तो गाडी बनविणाराच गेला, हे खरे?"

मी म्हटले, "खरे."

दुसऱ्या दिवशी तो गल्लीतून गेला तेव्हा आवाज तोच होता. पण वळणावर, जेथे आमच्या शाळेची लहान मुले रस्ता ओलांडतात, तेथे तो प्रथमच मंदावला. यादी अजून आलेली नाही. मी वाट पाहत आहे.