सीमेवरचे चलन

जोयडा तालुक्यातील कॅसलरॉक हे १९६१ पर्यंत लोहमार्गाप्रमाणेच चलनाचेही सीमास्थान होते. घाटावर आपला रुपया; घाटाखाली पोर्तुगीज रुपिया व १९५९ पासून एस्कुदो. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर पाडलेला चांदीचा रुपिया वजनाने व कसाने इंग्रजी रुपयाएवढाच होता. मुद्रा पुसली तरी चांदी उरे, हे धातुचलन. बांको नासियोनाल उल्त्रामारीनोची नोट मात्र निव्वळ वचन. गोवामुक्तीनंतर एस्कुदोची जागा भारतीय रुपयाने घेतली. त्या बँकेने १९६१ साली लिस्बनला नेलेले गोवेकरांचे तारण दागिने १९९१ मध्ये परतले. सोने कोठेही सोनेच राहते. कागदाचे मोल मात्र वचन देणाऱ्या सत्तेबरोबरच टिकते वा सरते.