पुराचे दार
महाबळेश्वराहून उतरलेली कृष्णा सांगलीस येईतो तिचा उतार फार मंदावतो. पुढे हरिपुरास वारणा व नरसोबावाडीस पंचगंगा तिला मिळते. सह्याद्रीवर सर्वत्र एकाच वेळी अतिवृष्टी झाली म्हणजे तिघी एकदमच फुगतात, एकमेकींचे पाणी तुंबवितात आणि ते काठाबाहेर पसरते. तसे पसरतानाच नदीने युगानुयुगे गाळ टाकला. ज्या मळीतली वांगी आपण कौतुकाने खातो, ती मळी पुराचीच! वाडीच्या दत्तमंदिरात पाणी शिरते व दक्षिणद्वाराने बाहेर पडते. लोक त्यात भक्तीने स्नान करतात. आपण मात्र सांगलीच्या सखल भागांत वसाहती उठविल्या. २००५ साली त्या बुडाल्या. पाणी ओसरताच आपण तेथेच परतलो. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर चढले.