उमरठ परिसरातील घरदुरुस्ती आणि कुटुंबाचे अर्थकारण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव नरवीर तानाजी मालुसरे यांच्या समाधीमुळे सर्वपरिचित आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी कोंढाण्यावर धारातीर्थी पडले. रायबाच्या लग्नाच्या कथेमुळे त्यांच्या घरचा मांडव लोकस्मृतीत राहिला. त्या घराचे छप्पर कोण व कशाने शाकारीत असे, हे मात्र कोणी विचारले नाही. वस्तुतः वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या डोंगरपट्ट्यात घराची डागडुजी ही अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाची दरवर्षीची मोठी चिंता होती. या कामाचा फार थोडा भाग रोख पैशात होत असल्यामुळे तो हिशेबाच्या कागदांवर सहसा आढळत नाही.

गवत, पेंढा आणि शेण :

कारवीच्या कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती आणि वर गवताचे किंवा भाताच्या पेंढ्याचे छप्पर, असे या भागातील गरीब घराचे जुने रूप होते. साहित्य रानात व शेतात मिळे, म्हणून ते फुकट होते असा समज होतो. तो बरोबर नाही. भातझोडणी झाल्यावर हाती आलेल्या पेंढ्यावर छपराइतकाच गुरांचाही हक्क असे. गवत, पालापाचोळा, झाडांच्या तोडलेल्या फांद्या आणि शेण हे भाताच्या रोपांसाठी राब भाजायलाही लागत. त्याच शेणाने जमीन सारवायची आणि भिंती लिंपायच्या. छप्पर जाड केले तर गुरांची वैरण कमी पडे. राबाला हात आखडता घेतला तर रोपे दुबळी होत. काटकसरीचे नियोजन ते हेच. ते रुपयांत मांडले जात नव्हते, इतकाच फरक.

कामाचा काळही ठरलेला होता. शिमगा झाल्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंतच्या अवधीत शाकारणी उरकावी लागे. महाराष्ट्रात अन्यत्र इर्जिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रीतीप्रमाणे शेजाऱ्यांनी एकमेकांच्या कामाला यायचे आणि घरधन्याने जेवण घालायचे, अशा परस्परसाहाय्यावर हे काम निभावे. स्त्रियांच्या सारवण-लिंपणाला मात्र अशी परतफेडही नव्हती. ते घरकामातच जमा होई.

मुंबईचा पैसा :

भारतीय टपाल खात्याने १८८० साली मनीऑर्डरची सेवा सुरू केली आणि मुंबईच्या गिरण्या-गोद्यांत राबणाऱ्या कोकणी माणसाचा पैसा गावी पोहोचणे सुलभ झाले. मंगळुरास १८६५ साली बासेल मिशनच्या कारखान्यात यंत्राने तयार होऊ लागलेली कौले पुढे कोकणभर पसरली. मुंबईच्या मिळकतीचे दृश्य रूप म्हणजे ही लाल कौले होत. परंतु कौलांचे ओझे पेलण्यासाठी कुडाच्या मेढी पुरत नसत. वासे आणि रिपा लागत, सुतार लागे, त्याची मजुरी रोख द्यावी लागे. त्यामुळे एका वर्षी जोते, पुढे कधीतरी भिंती, आणि कौले त्याहून पुढे, अशा टप्प्यांनी घर उभे राही. अर्धे कौलारू, अर्धे गवती घर हे आळसाचे नव्हे, तर कर्ज टाळून काढलेल्या वाटेचे चिन्ह मानावे लागते.

या व्यवस्थेचा कमकुवतपणा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने उघड केला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. गवताचे छप्पर घरच्या श्रमांवर पुन्हा घालता येत होते. सिमेंट, लोखंड आणि सुताराची मजुरी यांना असा पर्याय नव्हता. पक्के घर म्हणजे वार्षिक श्रमांतून सुटका, हे खरेच; पण त्या श्रमांची जागा रोख पैशाने घेतली होती.

शासकीय अनुदान :

इंदिरा आवास योजना १९८५ मध्ये सुरू झाली व १९९६ पासून स्वतंत्रपणे राबविली गेली. घर पत्नीच्या किंवा पती-पत्नी दोघांच्या नावे देण्याच्या तिच्या तरतुदीमुळे, भिंती लिंपणाऱ्या स्त्रीचे नाव घराच्या कागदावर येण्याची वाट मोकळी झाली. २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेने (ग्रामीण) सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये अनुदान आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र निश्चित केले; शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची अकुशल मजुरी देऊ केली. स्वतःच्या घरावर केलेल्या श्रमाला मोबदला मिळण्याची ही तरतूद लहान दिसली तरी वर वर्णिलेल्या इतिहासात ती नवीच आहे. अनुदानाचे हप्तेही बांधकामाच्या टप्प्यांवर मिळतात. मात्र पूर्वीचे कुटुंब पैसा येईपर्यंत थांबू शकत असे. येथे टप्पा पूर्ण झाल्याखेरीज पुढचा हप्ता येत नाही. त्यामुळे मधली रक्कम कुटुंबालाच उभी करावी लागते.

२२ जुलै २०२१ रोजी पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या, माणसे दगावली, घरे गाडली गेली. नुकसानीच्या शासकीय निकषांत कच्चे घर, पक्के घर आणि झोपडी अशी वर्गवारी असते. हप्त्या-हप्त्याने, वर्षानुवर्षे वाढविलेल्या घराचे आयुष्य कोणत्या रकान्यात मांडायचे, याचा निर्णय पंचनामा करणाऱ्याला एका भेटीत घ्यावा लागतो.