भोसलेशाहीचा पेच आणि कामठ्याचे पाटील

नागझिऱ्याच्या डोंगरांभोवतीचा हा मुलूख व वैनगंगेचे खोरे एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत होते. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी त्या काळाचे स्मरण करणे उचित ठरेल. बलाढ्य सत्तेशी सख्य करावे, तिच्याशी लढावे की अलिप्त राहावे, हा पेच तेव्हा नागपूरच्या गादीपुढे उभा होता आणि त्याची झळ थेट या भागापर्यंत पोचली.

सन १८०२ मध्ये पेशवे दुसरे बाजीराव यांनी वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. हे न रुचून दुसरे रघूजी भोसले यांनी दौलतराव शिंद्यांशी हातमिळवणी केली. यशवंतराव होळकर मात्र अलग राहिले. १८०३ मध्ये असई व आडगाव येथे मराठी फौजांचा पराभव झाला, गाविलगड पडला. डिसेंबरातील देवगावच्या तहाने कटक प्रांत व वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. पुढल्याच वर्षी होळकर इंग्रजांशी लढले, तेव्हा पोळलेले भोसले उघडपणे मैदानात उतरले नाहीत. एकाच्या लढाईत दुसरा तटस्थ, दुसऱ्याच्या लढाईत पहिला तटस्थ! फायदा झाला तो इंग्रजांचाच.

तरीही रघूजींनी तैनाती फौज घेण्याचे अखेरपर्यंत टाळले. मार्च १८१६ मध्ये ते निवर्तले. पुत्र परसोजी दुर्बल. त्यामुळे वाड्यात कारभारासाठी चुरस लागली. चुलतभाऊ आप्पासाहेबांनी आपली बाजू बळकट करण्यासाठी त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांशी तह केला. फौजेच्या खर्चापोटी सालीना साडेसात लक्ष रुपये कबूल झाले. घरातील भांडणापायी परक्याची फौज दारात आली, ती पुन्हा गेली नाही. पुढे परसोजींचा खून होऊन आप्पासाहेब गादीवर आले. तहाचा फास उमगल्यावर त्यांनी शस्त्र उचलले. पण नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत त्यांची फौज हरली.

आता हाच पेच गोंदियाजवळच्या कामठा जमीनदारीपुढे आला. राजा पदच्युत, नागपुरात इंग्रजांचा अंमल. गप्प राहिले असते तर जमीनदारी टिकण्याची आशा होती. परंतु जमीनदार चिमणा पाटील यांनी १८१८ मध्ये आप्पासाहेबांच्या बाजूने उठाव केला. इंग्रज फौजेने कामठा काबीज केला आणि जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली. आप्पासाहेब कैदेतून निसटले, रानोमाळ भटकले व १८४० मध्ये जोधपुरास वारले. बालराजे तिसरे रघूजी यांना गादी मिळाली खरी, पण १८५३ मध्ये ते निपुत्रिक वारताच १८५४ मध्ये राज्यच खालसा झाले.

लढणारेही बुडाले, तह करणारेही बुडाले आणि अलिप्त राहणारेही वाचले नाहीत. कारण कोणताही मार्ग सर्वांनी मिळून धरला नाही. देऊळ असो वा राज्य, एकेक दगड सुटा राहिला तर शिखर उभे राहत नाही. ज्या गावाने एकजुटीने हे कार्य तडीस नेले, त्याला हे वेगळे सांगणे नलगे.